गोलीवाली मॅडम

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. मी दुकानात होते, एका आजींना बीपीच्या गोळ्या समजावून देत होते, आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे लूमचा एवढा खडखडाट की बोलणारा माणूस अक्षरशः ओरडत होता. "भाभी, गोलीवाली मॅडम गिर गयी हैं, जल्दी आ जाओ." कुठे, कशी, हे विचारेपर्यंत पलीकडचा आवाज एकदम थांबला. खडखडाटच बंद झाला. आमच्या यंत्रमागांच्या वस्तीत, कामतघरमध्ये, लूम भरदिवसा बंद पडतात ते वीज गेली तर. मी वर बघितलं, माझ्या दुकानातला पंखा फिरत होता. म्हणजे तिच्यासाठी लूम बंद केले होते... शटर अर्धं ओढून मी धावले. गल्लीच्या तोंडाशीच ते मला भेटले. कापडाचे ताके वाहायच्या हातगाडीवर तिला आडवं केलं होतं आणि चार कामगार गाडी ढकलत होते. ओठ निळे पडले होते. मला बघून तिनं खांद्यावरची पिशवी काढायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "वहिनी, पिशवी घे. दोघांच्या गोळ्या द्यायच्या राहिल्यात."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. छत्तीस वर्षांची होती. वैशाली माझी नणंद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती बारावीत होती, तेव्हापासून आम्ही दोघींनी एका खोलीत अभ्यास केला, एका आरशात वेण्या घातल्या. आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, दुखणंच तसं होतं. तसं होतं, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही, म्हणून लिहायला बसले.

वैशालीचे वडील लूमवर होते. त्यांना टीबी झाला, गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं, आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. परत उलटला तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देईना. ती नववीत असताना ते गेले, याच घरात, पुढच्या खोलीत. मिलिंद, तिचा मोठा भाऊ आणि माझा नवरा, तेव्हा नुकताच कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये लागला होता. त्यानं बहिणीला शिकवलं. तिनं पुढं नोकरी कोणती धरावी, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, टीबीच्या पेशंटना गोळ्या पोचवायची. कंत्राटी नोकरी, पायपीट भरपूर. जे पेशंट केंद्रावर यायचे बंद होतात त्यांना शोधून काढायचं हे तिचं खास काम. शिफ्ट चालू असताना ती थेट कारखान्यात शिरायची. तिथं बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ती तळहातावर गोळी धरून उभी राहायची आणि लहान मुलाला भरवताना आपण करतो तसा स्वतःच तोंडाचा 'आ' करायची. तो माणूस ओशाळून हसायचा आणि गोळी घ्यायचा. मग ती त्याला जीभ बाहेर काढायला लावायची, गालात दडवली नाही ना हे बघायला. एकदा मी सोबत होते. एका तरुण कामगारानं तिला बाहेर पॅसेजमध्ये विचारलं, "मॅडम, अब तो ठीक लग रहा है, फिर क्यों?" ती म्हणाली, "ठीक लग रहा है, इसीलिए." हे वाक्य ती दिवसातून किती वेळा म्हणत असेल कोण जाणे. गल्लीत तिचं नाव कुणाला माहीत नव्हतं. गोलीवाली मॅडम, एवढंच.

तिला दम लागायला लागला तेव्हा अर्थात सगळ्यांनी टीबीच धरला. तिनं स्वतःच थुंकी तपासून घेतली, एक्स-रे काढला. काही निघालं नाही, तर पठ्ठीनं केंद्रात पेढे वाटले. मग दम्याचा पंप झाला. रक्त वाढायच्या गोळ्या झाल्या. एका डॉक्टरांनी नीट न तपासताच सांगितलं, टेन्शन घेताय, लग्न करून टाका. अशी दोन वर्षं गेली. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि मोबाइल बघत असल्याचं नाटक करायची. एके दिवशी न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, मग हृदयाची सोनोग्राफी झाली, मग मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आणखी तपासण्या, आणि शेवटी दुखण्याचं नाव कळलं. पल्मनरी हायपरटेन्शन. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे, पण माझ्याही वाट्याला हे नाव पुस्तकातल्या एका परिच्छेदापुरतंच आलेलं. हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या नळ्या आतून जाड होतात, अरुंद होतात, आणि हृदयाची उजवी बाजू त्यात रक्त ढकलून ढकलून थकते. दंडाला पट्टा बांधून हे बीपी कळत नाही. शेजारपाजारचे तिचं बीपी बघायचे आणि म्हणायचे, नॉर्मल तर आहे, उगाच घाबरवतात.

मुंबईचे डॉक्टर सरळ बोलणारे होते. म्हणाले, आजार जाणार नाही, पण गोळ्यांनी बराच काळ धरून ठेवता येईल. गोळ्या जन्मभर. आणि बाळंतपण नको, जिवावर बेतेल. त्याच सुमाराला पडघ्याच्या एका शिक्षकाकडून तिला लग्नाची विचारणा आली होती. तिनं स्वतः फोन करून त्याला सगळं सांगितलं. त्यानंतर तो दोनदा भेटायला आला, तिसऱ्यांदा आला नाही. वैशाली त्याबद्दल एकदाच बोलली, "दोनदा आला, तेच खूप झालं की."

गोळ्यांची गोष्ट सांगितली पाहिजे. यातली मुख्य गोळी तीच, जी पुरुष ताकदीसाठी चोरून मागतात. नाव तेच, काम दुसरं. तिनं पहिल्यांदा ती रुग्णालयासमोरच्या दुकानातून घेतली तेव्हा काउंटरवरच्या दोघांनी चिठ्ठी एकमेकांना दाखवली आणि एकानं विचारलं, "मॅडम, साहेब नाही आले?" घरी येऊन तिनं हे आम्हाला नकला करून सांगितलं आणि सांगता सांगता रडली. म्हणाली, "यापुढं तुझ्याच दुकानातून देत जा, वहिनी. मला कुणाला काय सांगत बसायचं नाय." तेव्हापासून दर महिन्याच्या सुरुवातीला मी कागदी पाकिटात तिच्या पट्ट्या भरून ठेवायची आणि वर माझ्या अक्षरात लिहायची, सकाळ, दुपार, रात्र. ती कामावरून परतताना काउंटरवर टकटक करायची आणि पाकीट पिशवीत टाकायची.

तीन वर्षं बरी गेली. खोटं कशाला बोलू, चांगली गेली. ती कामावर जात होती, मोजून चालत होती, मीठ कमी खात होती. मग पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली आणि पुढच्या भेटीत फुप्फुस बदलण्याचा विषय काढला. तो शब्द ऐकून मिलिंद बाहेर जाऊन बाकावर बसला. वडील जाताना त्यांचे शेवटचे दिवस त्यानं एकट्यानं काढले होते. त्याला परत त्याच खोलीत तसाच श्वास ऐकायचा नव्हता. मला हे कळत होतं. आजही कळतं. पण कळून राग जातो असं नाही.

व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर कुठून आला ते त्यालाही आठवत नाही. ठाण्यातल्या एका क्लिनिकचा होता. एक बाई ऑक्सिजन काढून जिना चढतात आणि वर पोचल्यावर हात हलवतात. खाली लिहिलेलं, स्टेम सेल थेरपी, तुमच्याच शरीरातल्या पेशींनी तुमचं फुप्फुस नव्यानं घडवा. मिलिंदनं तो मला दाखवला तेव्हा त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की मला बोलायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी बोलले. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. ते चिडले नाहीत, थकलेल्या आवाजात म्हणाले, "यावर संशोधन चाललंय, नाही असं नाही. पण या आजारावरचा उपचार म्हणून ते अजून सिद्ध झालेलं नाही. अभ्यासाबाहेर पैसे घेऊन असं कुणी देत असेल तर ते चूक आहे. त्यांना कृपा करून जाऊ देऊ नका." मी हे शब्दन् शब्द घरी सांगितलं. मिलिंद म्हणाला, "त्यांच्याकडे दुसरं काय आहे? मरायची वाट बघा, एवढंच ना?" मी वैशालीवरच घसरले. "तू तरी बोल. रोज लोकांना गोळ्यांचं ज्ञान शिकवतेस, आणि इथं एका व्हिडिओला भुललीस?" तिनं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "वहिनी, तू काउंटरच्या त्या बाजूला असतेस. गोळी देतेस आणि घरी येतेस. मला ती रोज गिळायची असते. मला एकदा तरी बरं व्हायचंय, धरून ठेवायचं नाय."

मला ते लागलं. इतकं लागलं की पुढं मी त्या विषयावर तोंडच उघडलं नाही. पैसे कसे उभे केले ते मिलिंदनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी सोबतही गेले नाही. कमरेच्या हाडातून मगज काढून घेतला, यंत्रात फिरवला आणि त्यातून वेगळं काढलेलं तिच्याच शिरेतून परत सोडलं, हे मला नंतर कळलं. दोन दिवसांनी ती घरी आली ती हसत. खरंच बरी दिसत होती. सलाइन, विश्रांती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला 'तुम्ही बऱ्या होणार' असं सांगितलेलं... यातलं नेमकं कशानं बरं वाटत होतं, कोण सांगणार? क्लिनिकवाल्यांनी तिला पॅसेजमध्ये चालवून व्हिडिओ काढून घेतला. मिलिंदनं तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मलाही पाठवला, आम्ही एकाच घरात असताना.

पुढचे आठवडे मला आता एकेक करून आठवतात. ती महिन्याच्या सुरुवातीला आली, काउंटरवर टकटक केली, पाकीट घेतलं. मी दिलं. दुसऱ्या महिन्यातही आली. मी तिच्या बोटांची नखं बघितली, निळसर वाटली. दुकानात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र ठेवलेलं असतं, हातभर अंतरावर. मी ते उचललं नाही. मला वाटलं, हिनं मला काउंटरवाली म्हटलंय, तर काउंटरवालीसारखंच वागू. तिनं चपला बदलून मोठ्या मापाच्या घेतल्या होत्या. आठवड्यातून दोनदा न जेवता झोपत होती. मी बघत होते. औषधवाली बाई मी, मला सगळं दिसत होतं, आणि मी रुसून बसले होते.

हातगाडीवरून रिक्षा, रिक्षातून जवळचा दवाखाना, तिथून ॲम्ब्युलन्सनं मुंबई. अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या नियमित चालू होत्या ना?" मी ठामपणे सांगितलं, "हो. मी फार्मसिस्ट आहे. मीच देते दर महिन्याला." त्यांनी तसं लिहून घेतलं. वैशालीच्या तोंडावर मास्क होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, घाबरलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद खाली चहाला गेला तेव्हा तिनं मास्क जरा बाजूला केला आणि म्हणाली, "वहिनी, मी गोळ्या घेत नव्हते. तिकडच्यांनी बंद करायला सांगितल्या. बोलले, पेशींना त्यांचं काम करू दे, मध्ये औषध नको." मी म्हटलं, "आणि तू ऐकलंस? तू?" ती थोडा वेळ श्वास गोळा करत राहिली. "बरं वाटत होतं गं." आणि मग, "दादाला सांगू नको. त्याला नाय माहीत. त्याला सहन व्हायचं नाय."

मी धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा तो संयम मला थोबाडीत मारल्यासारखा लागला. गोळ्या सुरू केल्या, शिरेतून औषधं दिली, जे करता येईल ते केलं. एक अख्खा दिवस माझ्या ठामपणामुळं गेला होता. त्या दिवसानं फरक पडला असता का, हे मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आधीच्या दोन महिन्यांचं विचारा." गोळ्या अवचित बंद झाल्यावर हृदयाची उजवी बाजू जी कोलमडली होती ती परत उभी राहिली नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला कामगार आले होते, शिफ्ट सोडून, बरेच जण. भिंतीला टेकून उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. एकानं मला तिच्या फोटोसमोर उभं राहून सांगितलं, "भाभी, हमारा कोर्स पूरा हुआ. मॅडम को बताना था." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्यानंतर मी आणि मिलिंद ठाण्याला त्या क्लिनिकमध्ये गेलो. मला फक्त विचारायचं होतं, गोळ्या बंद करा असं कुणी सांगितलं. मिलिंदला मी तिची फाइल बघायचीय, एवढंच म्हटलं होतं. आत गेलो तर प्रतीक्षाकक्षातल्या टीव्हीवर वैशाली चालत होती. गुलाबी ओढणी, पॅसेज, सरळ कॅमेऱ्याकडे येत म्हणत होती, "आता दम लागत नाही." मग दुसरा पेशंट, मग तिसरा, मग पुन्हा वैशाली. मिलिंद सोफ्यावर बसला आणि बसूनच राहिला. समोर एक बाई नऊवारीत, नाकात नळी, आपल्या मुलाला सांगत होत्या, "ही बघ, केवढी बरी झाली." मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "ही माझी नणंद. ती वारली." मुलानं आईला हाताला धरून दुसऱ्या खुर्चीवर नेलं. मी वेडी वाटले असेन. मग मी एकटीच आत गेले, तिथल्या कोटवाल्या माणसानं फाइल उघडली. तोंडी काही सांगितलं असेल तर माहीत नाही म्हणाला, फाइलमध्ये तर 'औषधे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावीत' असंच लिहिलंय. इंग्रजीत लिहिलं होतं. खाली सही मराठीत, तिच्या गोल अक्षरात. "पेशंट आमच्याकडे जरा उशिराच आली," असंही म्हणाला. व्हिडिओ काढून टाका म्हटल्यावर बाहेरची मुलगी म्हणाली, ते मार्केटिंगला सांगावं लागेल. तक्रार केली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

घरी आल्यावर मी तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, पाकिटं होती. दोन महिन्यांची. फोडलेली नव्हती. सकाळ, दुपार, रात्र, माझं अक्षर. ती गोळ्या घेत नव्हती, पण न्यायला येत होती, कारण आली नसती तर मी विचारलं असतं. किंवा मला वाईट वाटलं असतं म्हणून. यातलं कोणतं, हे मला आता कुणी सांगणार नाही.

इथवर लिहून झालं तेव्हा मी थांबले. छापायला द्यायचं तर मिलिंदला सगळं कळणार, आणि तिनं माझ्याकडून शब्द घेतला होता. चार दिवस कागद पिठाच्या डब्याखाली ठेवले. मग वाटलं, पेपरात वाचण्यापेक्षा माझ्या हातून वाचलेलं बरं. रविवारी दुपारी ते त्याच्या हातात दिले. तो घरात बसला नाही. आमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर एक निळी प्लास्टिकची खुर्ची आहे. वैशालीला दोन मजले एका दमात चढवेनात तेव्हा मिलिंदनंच ती आणून ठेवली होती. बिल्डिंगमधलं कुणी ती हलवत नाही, त्यावर कुणी बसतही नाही. तो तिथं जाऊन बसला. बराच वेळ आला नाही म्हणून मी चार पायऱ्या उतरले. कागद मांडीवर होते, शेवटचं पान वर.

"क्लिनिकमध्ये आत ती एकटी नव्हती," तो म्हणाला. "मी होतो बाजूला. गोळ्या थांबवा बोलला ना तो, तेव्हा वैशूनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलेलं, हे बरोबर नाय. ती थांबली होती, मी काय बोलतो ते बघायला." मी कठडा धरला. "मी बोललो, डॉक्टर सांगतायत तर करू या. आणि घरी येताना रिक्षात बोललो, वहिनीला सांगू नको, ती गोंधळ घालेल."

म्हणजे 'त्याला नाय माहीत' हे ती मास्क बाजूला करून, उरलेला श्वास खर्चून, खोटं बोलली होती. उद्या मी त्याच्याकडे कोणत्या नजरेनं बघेन, याची व्यवस्था करून गेली होती. मला त्या क्षणी त्याला काहीतरी भयंकर बोलायचं होतं. शब्द तयार होते. पण माझ्या दुकानातलं ते बोटाला लावायचं यंत्र मला आठवलं, आणि मी तशीच उभी राहिले.

त्यानं कागद नीट लावले आणि माझ्याकडे दिले. "हेही लिही," तो म्हणाला.

खालून कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होतं. मिलिंद उठला नाही. त्यानं खुर्ची थोडी भिंतीकडे सरकवली, येणाऱ्याला वाट दिली, आणि पुन्हा टेकून बसला.